भाताचं वाण तपासून देता, मग बांधावरची पेटी का नाही?



काल संध्याकाळी ओहोटी बघून उघाडीवर गेलो. खांबावर लावलेली पेटी उघडली, आतली ओल शोषणारी पुडी बदलली, तारा कोरड्या फडक्याने पुसल्या, झाकण घट्ट केलं. पाच मिनिटांचं काम. पण ते करता करता डोक्यात जे फिरत होतं ते आज लिहून टाकतो. थोडं लांबेल. चहा घेऊन बसा.

सध्या पेपर उघडला की चिपच्या बातम्या. आपल्याच तालुक्यात तळोज्याला अदानी आणि इस्रायलच्या टॉवर सेमीकंडक्टरचा चिपचा कारखाना येणार, असं सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर झालं. राज्य सरकारने मंजुरी दिली, ८३ हजार ९४७ कोटींचा आकडा होता. पुढे २०२५ मध्ये बोलणी थांबल्याच्या बातम्या आल्या. जून २०२५ मध्ये सरकारने शेतीसाठी महाॲग्री-एआय धोरण मंजूर केलं, त्याला ५०० कोटी. बारामतीच्या ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्डला बरोबर घेऊन उसात सेन्सर लावले. आयआयटी मद्रासने 'शक्ती', सी-डॅकने 'वेगा', आयआयटी मुंबईने 'अजित' नावाचे प्रोसेसर बनवले. चांगलंच आहे, मी कशालाच नावं ठेवत नाही.

पण कारखाना तळोज्यात होवो नाहीतर तैवानला, त्या चिपची पेटी शेवटी कोणाच्या तरी बांधावर येऊन बसणार. तिथे ती काय करते, हे कोण तपासतं? मला हा प्रश्न मिरचीने शिकवला.

आमची खालची शेती खारीची. तिथे पावसाळी भात, बाकी काही नाही. वरच्या अंगाला २० गुंठे आहेत, बोअरच्या पाण्यावर भाजी करतो. दोन वर्षांपूर्वी एका विक्रेत्याकडून ठिबकवर चालणारं स्वयंचलित यंत्र घेतलं. मातीत सेन्सर खोचायचा, ओलावा ३० टक्क्यांच्या खाली गेला की झडप आपोआप उघडणार, पाणी सुटणार. मोबाइलवर आकडा दिसणार. पहिला महिना मजा वाटली. घरी बसून शेत बघतोय म्हणून चार लोकांना दाखवलं पण.

मार्चमध्ये पुतणीच्या लग्नात पाच दिवस अडकलो. रोज मोबाइल बघायचो, ओलावा ३८, ३९. म्हटलं शेत मस्त आहे. सहाव्या दिवशी जाऊन बघतो तर मिरची मान टाकून बसलेली. माती मुठीत घेतली तर भुगा. आणि मोबाइल अजून म्हणतोय ३८ टक्के! पाच दिवसांत झडप एकदाही उघडली नव्हती. निम्मी झाडं गेली, उरलेल्यांचा फुलोरा गळला. विक्रेत्याला फोन केला तर म्हणाला, "सेन्सर बरोबर आहे, तुमच्या जमिनीत प्रॉब्लेम आहे."

राग आला. पण खरं सांगू, तो अर्धा बरोबर होता.

माझा पुतण्या इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून नवी मुंबईत कामाला आहे. तो रविवारी आला, म्हणाला, "काका, आपण घमेल्यात बघू." शेतातली माती आणली, चुलीवर पार कोरडी केली, किराणा दुकानातल्या काट्यावर वजन केलं. मग मोजून थोडं थोडं पाणी घालत गेलो आणि दर वेळी सेन्सर काय सांगतो ते वहीत लिहिलं. झाड वाळेल इतकी सुकी माती असताना यंत्र ३८ सांगत होतं. पाण्याचा नमुना तपासायला दिला तर ईसी २.४ आली. मीठ! खाडीकाठची बोअर, जानेवारीनंतर उपसा वाढला की पाणी खारट व्हायला लागतं. ते मीठ मातीत साचतं.

आता यातली गंमत समजून घ्या, कारण सेन्सर घेणाऱ्या प्रत्येकाला हे उपयोगी आहे.

स्वस्तातल्या सेन्सरचे दोन प्रकार. एकाला उघडे दोन काटे असतात. तो एका काट्यातून दुसऱ्यात वीज किती जाते ते बघतो. वीज जास्त गेली म्हणजे ओल जास्त, असं त्याचं गणित. पण मीठ असलं तरी वीज जास्त जाते. म्हणजे हा मीठालाच पाणी समजतो. शिवाय त्याचे काटे काही आठवड्यांत गंजून जातात. दुसरा प्रकार झाकलेल्या पट्टीचा. विजेच्या भाषेत पाण्याचा एक गुणांक साधारण ८० असतो, कोरड्या मातीचा ३ ते ५, हवेचा १. या फरकावरून तो ओल ओळखतो. हा पहिल्यापेक्षा चांगला, जास्त टिकतो. पण स्वस्तातला असेल तर खारट आणि चिकण मातीत हाही फसतो, आकडा वर दाखवतो. माझ्याकडे हाच होता.

म्हणजे सेन्सर खोटं बोलत नव्हता. तो दुसऱ्या कुठल्यातरी मातीची भाषा शिकून आला होता, आणि माझ्या शेतात दुभाषा नव्हता.

आणखी एक. आकडा अगदी बरोबर आला असता तरी खारीत काम भागत नाही. माती ओली असली पण मीठ जास्त असलं तर मुळाला पाणी ओढता येत नाही. माणसाने समुद्राचं पाणी प्यावं तसं. मातीची ईसी ४ च्या वर गेली की ती जमीन खारट धरतात, मिरची तर त्याच्या आधीच कुरकुर करते. म्हणून आपल्याकडे ओलाव्याबरोबर ईसी मोजणारं यंत्रच हवं. नाशिकच्या द्राक्षबागेत जे चालतं ते इथे चालेलच असं नाही.

आता दुसरी बाजू सांगतो, नाहीतर म्हणाल काका यंत्राच्या विरोधात आहे.

खारेपाटातल्यांना उघाडी सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. खाडीच्या बांधाला जे दार असतं ती उघाडी. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी बाहेर जातं, भरतीला दार दाबून बंद होतं आणि खारं पाणी आत येत नाही. दारात ओंडका किंवा प्लास्टिक अडकलं की संपलं. उधाणाच्या एका रात्रीत खारं पाणी भातात. माझ्या वडिलांनी कंदील घेऊन तिथे रात्री काढल्यात. आता त्या रात्री काढायला माणूस नाही. पोरं कंपनीत, जमिनी विकल्या जातायत. मी एकटा किती रात्री जागणार?

पुतण्याने त्यासाठी पेटी बनवली. आत बोटभर बोर्ड, एक तरंगणारा बोळा, सिमकार्ड, छोटी बॅटरी, वर वहीएवढं सोलर. दाराच्या आतल्या बाजूला पाणी खुणेच्या वर चढलं की मला फोन येतो. मेसेज नाही, फोन. रात्री दोन वाजता मेसेज कोण बघतो?

बॅटरी पावसाळाभर टिकते कशी, हे मला नवल वाटलं. पुतण्या म्हणाला, "काका, चिप झोपते." जुन्या राखणदारासारखी. दर दहा मिनिटांनी डोळा उघडते, बोळा बघते, ठीक असेल तर परत झोपते. झोपेत तिला वीज लागते ती काही मायक्रोॲम्पियर, म्हणजे बोलताना लागते त्याच्या हजारो पटीने कमी. या क्षेत्रात जी प्रगती झाली म्हणतात ना, त्यातली मला पटलेली ही एक. लहान चिप, कमी वीज, कमी पैसा. सगळा खर्च अडीच हजाराच्या आत.

पहिली पेटी जुलैतच मेली. उघडून बघितलं तर तांब्यावर हिरवट गंज, खारी हवा आत शिरलेली. दुसरीत बोर्डावर लाखेसारखा लेप दिला, तारा रबरी बुचातून घेतल्या, भोकं खालच्या बाजूला केली. ती गेल्या श्रावणात अमावस्येनंतरच्या उधाणाला रात्री पावणेदोनला वाजली. आम्ही दोघं बॅटऱ्या घेऊन गेलो. दारात केळीचा खुंट अडकला होता. काढला, दार बसलं. सकाळी भात उभा होता.

मिरचीचं यंत्र महागडं आणि फसलं. उघाडीची पेटी स्वस्त आणि कामाला आली. फरक एवढाच की दुसरी पेटी इथे खारीत एकदा मरून मग सुधारली. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांचं 'नॅनो गणेश' बऱ्याच जणांना माहीत असेल, मोबाइलवरून पंप चालू-बंद करायचं. आजोबांना रात्री पंपासाठी चालत जावं लागायचं, ते बघून त्यांनी ते बनवलं. २००९ मध्ये नोकिया कंपनीच्या जागतिक स्पर्धेत त्याला बक्षीस मिळालं. मूळ तिथेही बांधावरच.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. ते कृषी विद्यापीठातल्या सरांसाठी आणि कृषी खात्यातल्या मंडळींसाठी आहे.

आपल्या पनवेलला खार जमीन संशोधन केंद्र आहे, दापोलीच्या विद्यापीठाचं. तिथून पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ ही खारीत तग धरणारी भाताची वाणं आली. कर्जतच्या केंद्रातून कर्जतची वाणं आली. ती कोणी दुकानात बसून ठरवली नाहीत. वर्षानुवर्षं वेगवेगळ्या जमिनीत लावून, मीठ सोसतं का, पडतं का, बघून मग आपल्या हातात दिली. ट्रॅक्टर तपासायला मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची संस्था आहे. मग माझं पाणी सोडायचं की नाही हे ठरवणाऱ्या पेटीला तपासणी का नको? मी तरी अशा पेटीवर "खार जमिनीत तपासली" असा शिक्का अजून पाहिला नाही.

एक पावसाळा आणि एक उन्हाळा पेटी केंद्राच्या शेतात ठेवा. खार, काळी, तांबडी, तिन्ही मातीत. मग साध्या मराठीत एक पान लिहा, कुठे चालली आणि कुठे नाही. अनुदान त्या पानाला जोडा.

पुतण्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "काका, तोपर्यंत चिप जुनी होते, आणि तपासणीचा खर्च तुमच्याच माथी येणार." त्याचं म्हणणं खोटं नाही. छोट्या पोरांनी काही बनवलं तर तपासणीच्या फीनेच ती दबतील. म्हणून फी मोठ्यांकडून घ्या, छोट्यांची तपासणी केंद्राने करावी. आणि चिप बदलली तरी मातीत जाणारा काटा आणि पावसात राहणारी पेटी काही दरवर्षी बदलत नाही. खरी परीक्षा त्यांचीच आहे. जुनी पण तपासलेली पेटी मला नव्या न तपासलेल्या पेटीपेक्षा बरी.

तोपर्यंत आपण काय करायचं? पेटी घेण्याआधी विक्रेत्याला हे विचारा.

१. माझ्या मातीत आकडे जुळवून देणार का? नाही म्हणाला तर घमेलं आणि काटा घेऊन स्वतः करा, एका रविवारचं काम आहे.

२. सिम कुठलं लागतं? फक्त २जी वर चालणारी पेटी असेल तर विचार करा. जिओकडे २जी नाहीच, आणि एखादं नेटवर्क बंद झालं की पेटी म्हणजे डबा. ३जीचं काय झालं ते आपण पाहिलंय.

३. रेंज गेली किंवा सेन्सर तुटला तर यंत्र काय करतं? मोटर असेल तर बंद व्हायला हवी. ठिबक असेल तर ठरलेल्या वेळी थोडं पाणी सुटायला हवं आणि मला फोन यायला हवा. माझ्या मिरचीला एवढं मिळालं असतं तरी ती वाचली असती.

४. दुरुस्ती कुठे? पनवेलच्या बाजारात भाग मिळतो का, की पेटी कुरिअरने पाठवून महिनाभर वाट बघायची? मोटर रिवायंडिंगवाला जसा जवळ असतो तसा हाही हवा.

५. माझ्या शेताचे आकडे कोणाकडे जातात? ते मला वहीसारखे काढून घेता येतात का?

पाचातल्या तीन प्रश्नांना जरी नीट उत्तर मिळालं तरी घ्या. नाही मिळालं तर पैसे खिशात ठेवा आणि मूठभर माती दाबून बघत राहा. ती पद्धत जुनी आहे, पण तिला सिम लागत नाही.

मी यंत्र सोडलेलं नाही. मिरचीच्या शेतात तोच सेन्सर अजून आहे, फक्त ३० च्या जागी आमच्या मातीचा आकडा ४६ टाकलाय आणि आठवड्यातून एकदा ईसी हाताने मोजतो. पण तो आकडा शोधायला माझं निम्मं पीक गेलं. पुढच्या माणसाचं जाऊ नये म्हणून हे लिहिलं.

ज्यांच्याकडे सेन्सर आहे त्यांनी माती कुठली, पाण्याची ईसी किती आणि आकडा किती फसतो ते खाली लिहा. सगळे आकडे वहीत उतरवून पनवेलच्या केंद्रात मी स्वतः नेऊन देतो.