भट्टीचं झाकण उघडू नका!

आम्ही चौघांनी प्रोजेक्टसाठी काचेचं वॉश बेसिन केलं. "मेकॅनिकलवाले आता प्लंबिंग करणार का?" हे मेसमध्ये रोज ऐकून घेतलं. बेसिन झालंही. फक्त त्यात पाणी कधी पडलं नाही!

कृती ऐकायला सोपी आहे. खिडकीच्या सहा मिलिमीटर काचेच्या, एकाच शीटमधून कापलेल्या दोन गोल चकत्या एकावर एक ठेवायच्या. भट्टी साधारण ८२० अंश सेल्सिअसला गेली की त्या एकजीव होतात. हे फ्युजिंग. थंड झालेली थाळी मग मातीच्या खोलगट साच्यावर ठेवायची. साच्याला आधी केओलिन आणि अॅल्युमिना हायड्रेटचा लेप द्यायचा, नाहीतर काच चिकटते. तळाला हवा निघायला भोकंही हवीत. ७०० अंशांच्या आसपास काच मऊ पडते आणि स्वतःच्या वजनानेच साच्यात बसते. हे स्लम्पिंग.

फ्युजिंग शनिवारी केलं, भट्टी थेट सोमवारी उघडली. थाळी ठणठणीत! स्लम्पिंगच्या वाट्याला मात्र बुधवार आला. सकाळी नऊला लावलेली भट्टी ताशी शंभर अंशांनी चढत चारच्या सुमारास ७०० ला पोचली. पाचला वर्कशॉप बंद, मेन स्विचही बंद. गुरुवारी सबमिशन. म्हणून निघताना झाकणाला दोन बोटं फट ठेवली.

सकाळी बेसिन अखंड, चकचकीत. फोटो काढला, रिपोर्टमध्ये लावला, जमा केला. दुपारी ड्रेनचं भोक पाडायला पाणी सोडून डायमंड कोअर बिट लावलं आणि... टक्! एकाचे तीन झाले.

तुकडे लॅबमधल्या दोन पोलरॉइडमध्ये धरले. फोटोइलॅस्टिसिटीच्या जर्नलमध्ये आपण मागच्या बॅचवरून उतरवतो ते रंगीत पट्टे पहिल्यांदा प्रत्यक्ष दिसले. बाहेरची काच आधी थंड होऊन कडक झाली होती. आतली नंतर आकसू लागली, तर बाहेरची तिला आकसू देईना. ताण आतच अडकला. टफन्ड काच मुद्दाम अशीच झटकन थंड करतात, म्हणून तिला नंतर भोक पाडता येत नाही. आमच्या बेसिनला हवा होता ५५० अंशांच्या आसपास दोनेक तास मुक्काम आणि मग ताशी पन्नासेक अंशांचा उतार. म्हणजे अॅनिलिंग. पालोमारच्या दुर्बिणीसाठी १९३४ मध्ये ओतलेला दोनशे इंची आरसा थंड करायला सुमारे दहा महिने घेतले होते. आम्हाला एक रात्र जड गेली!

चूक आमचीच. पण आपल्याकडे तापवणं म्हणजे काम आणि थंड करणं म्हणजे वेळ फुकट, असंच धरतात. टाइमटेबलमध्ये दुसऱ्याला जागाच नाही. माननीय सरांना विनंती, भट्टी रात्रभर चालू द्या. दोघं-दोघं पाळीने बसू. होस्टेलवर दोनपर्यंत जागतोच की.

आणि एक कबुली. रिपोर्टमध्ये अजूनही सकाळचाच फोटो आहे. व्हायव्हाला कुणी विचारलं नाही, आम्हीही बोललो नाही. मार्क चांगले पडले. तेच सलतंय. पुढची बॅच लायब्ररीतून तो रिपोर्ट काढणार, जसाच्या तसा उतरवणार आणि झाकणाला फट ठेवणार. मोडलेल्या जॉबलाही मार्क असते, तर तिथेच तीन तुकड्यांचा फोटो लागला असता.

बघा, पटतंय का!