सहा निघाले, तीन परतले

दसरा सरला की आमच्या हदगावात दोन गोष्टींना वेग येतो, कापसाच्या वेचणीला आणि पोरांच्या बेतांना. परवा संध्याकाळी गल्लीतली पाच पोरे ओट्यावर येऊन बसली.

"काका, दिवाळी झाली की आम्ही सायकलवर नेपाळला जायलोत."

मी आत चहा सांगितला. अशा बातमीला चहावाचून उत्तर देऊ नये.

तयारी पाहिली तर चोख होती. नागपूर, जबलपूर, वाराणसी, गोरखपूर आणि पुढे सोनौलीची हद्द, असा रस्ता वहीत मांडलेला. हवेचा पंप, जादा ट्यूबा, सोल्यूशन, पाने, साखळी, सगळे यादीत होते. "पासपोर्ट?" मी विचारले. "लागत नाही काका. आधार आहे की!" एवढे मात्र दुरुस्त करावे लागले. नेपाळात जायला आपल्याला व्हिसा नको, हे खरे. पण ओळख पटवायला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र पाहिजे. आधारावर सोय आहे ती पंधरा वर्षांखालच्यांची आणि पासष्टीपुढच्यांची. म्हणजे त्या कार्डावर जाता येईल ते मला, त्यांना नाही!

हसणे ओसरल्यावर मी म्हणालो, "यादीत एक गोष्ट राहिली. अर्ध्या वाटेत एखाद्याला परत फिरावे लागले तर?"

"तसा कोणी नाही आमच्यात," पुढारी म्हणाला.

मग मी त्यांना मुंबईच्या सहा पारशी तरुणांची हकिकत सांगितली. १९२० साली ओव्हल मैदानावर एका फ्रेंच गृहस्थाचे व्याख्यान झाले. युरोपातून हिंदुस्थानापर्यंत हा मनुष्य पायी आला होता. ते ऐकून वेटलिफ्टिंग क्लबातल्या या गड्यांच्या डोक्यात किडा शिरला. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहाही जण सायकलींवर जगप्रवासाला निघाले. तेव्हा आमचे हदगाव निजामाच्या राज्यात होते. पंजाब, बलुचिस्तान, इराण करीत ते बगदादला पोचले आणि तिथून वाळवंटातून अलेप्पोला. पुढे युरोप, अमेरिका, जपान, कोरिया, चीन, सयाम, ब्रह्मदेश. सुमारे ७१,००० किलोमीटर! १९२८ च्या मार्चमध्ये ते मुंबईला परतले.

परतले ते तिघे : आदि हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भूमगरा. नरिमन कापडिया घरच्या कारणासाठी तेहरानहूनच माघारी आले होते. गुस्ताद हातीराम यांनी अमेरिकेतच राहायचे ठरवले. केकी पोचखानवालांनीही वाटेत साथ सोडली. उरलेल्या तिघांनी १९३१ साली प्रवासाचे पुस्तक काढले. त्याला प्रस्तावना पंडित नेहरूंची.

"म्हणजे तिघे हरले," एक जण म्हणाला.

मला तसे वाटत नाही. सहा जणांपैकी कोणा एकाची अडचण ही सहाही जणांची शिक्षा झाली नाही, म्हणून तर प्रवास पुरा झाला. तेहरानहून एक परतला आणि पाच पुढे गेले. हे दिसते तितके सोपे नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

शाळा सुटली त्या वर्षी आम्ही चौघे सायकलींवर माहूरला निघालो होतो. पैनगंगेचा पूल ओलांडला आणि उमरखेडला माझ्या पोटात कळ आली. परत फिरतो म्हटले असते तर एस. टी. मिळाली असती. पण 'भित्रा' म्हणतील, या धाकाने मी तसाच पायडल मारीत राहिलो. महागावच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला आडवाच झालो. मग मी, माझी सायकल आणि ते तिघे, अशी सगळी वरात एका ट्रकमधून घरी आली. माहूर कोणालाच दिसले नाही. एकाने तर वर्षभर माझ्याशी बोलणे टाकले, आणि ते योग्यच होते. त्याचा राग मी आजारी पडलो याचा नव्हता; मी ते लपवले याचा होता.

पोरे गप्प झाली. मग वही उघडून त्यांनी दोन ओळी लिहिल्या. पहिली : रोज रात्री प्रत्येकाने आपली तब्येत आणि पैसे खरे सांगायचे. दुसरी : ज्याला परतायचे त्याला रेल्वेत बसवून द्यायचे, बाकीच्यांनी पुढे जायचे, आणि गावात कोणी त्याला नाव ठेवायचे नाही. परतीच्या तिकिटाचे पैसे प्रत्येकाने वेगळे बांधून ठेवायचे, ही पुरवणी माझी.

पाचवा पोरगा एवढा वेळ कोपऱ्यात चहाची बशी फिरवीत होता. घरी वडील एकटे, त्यांना दम्याचा त्रास, आणि कापूस अजून रानात. 'हो' म्हणवत नव्हते, 'नाही' म्हणवत नव्हते. दुसरी ओळ त्याने दोनदा वाचली आणि बशी खाली ठेवली.

"मग मी येतो," तो म्हणाला. "जमंल तिथपर्यंत."