चेअरमनच्या खुर्चीतून न दिसणारा दर

व्यापार, ग्राहक आणि प्रादेशिक विकास यांवर विद्यापीठांत होणारे संशोधन म्हणजे कागद काळे करण्याचा उद्योग, असे मानणारा मोठा वर्ग आपल्याकडे आहे. त्यात अडाणी माणसे थोडी आणि कर्ती माणसेच जास्त. त्यांचा पूर्वपक्ष असा: गल्ल्यावर बसणाऱ्याला गिऱ्हाईक कळते, कारखाना चालवणाऱ्याला कारखाना कळतो, आणि कुठला तालुका पुढे गेला व कुठला मागे राहिला हे तिथल्या पुढाऱ्याकडे बघितले की समजते. माणूस चांगला निघाला की संस्था तरते, नाहीतर बुडते. यासाठी समीकरणे कशाला मांडायची? हे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. अनुभवाचे ज्ञान खरे असते, आणि ज्याचे पैसे गुंतलेले असतात तो प्राध्यापकापेक्षा अधिक सावध असतो. तरीही हा पूर्वपक्ष टिकत नाही. कारण अनुभव एकाच जागेवरून घेतलेला असतो आणि त्या जागेवर जी गोष्ट वर्षानुवर्षे बदलत नाही, ती अनुभवाला दिसतच नाही. ती पाहायची तर शंभर ठिकाणे आणि वीस वर्षे शेजारी ठेवून पाहावी लागतात. संशोधन नेमके तेवढेच करते.

याला महाराष्ट्रात सहकारी साखर कारखान्याइतके चांगले उदाहरण नाही. प्रवरेच्या कारखान्याचा पहिला गाळप हंगाम १९५०-५१ चा. त्यामागे विठ्ठलराव विखे पाटलांचा उत्साह होता हे शाळेतले मूलही सांगेल. पण कारखान्याचे पहिले अध्यक्ष होते धनंजयराव गाडगीळ, म्हणजे पुण्याच्या गोखले संस्थेचे अर्थशास्त्रज्ञ. याच गाडगिळांनी १९३३ साली पुण्याच्या फळबाजाराची पाहणी प्रसिद्ध केली होती, आणि १९३६-३७ मध्ये पुणे शहरातल्या कुटुंबांची सामाजिक-आर्थिक पाहणी हाती घेतली होती. बाजारात फळ कुणाच्या हातून कुणाच्या हाती जाते आणि घरात पैसा कशावर खर्च होतो, हे मोजून पाहण्याची सवय लागलेला माणूस शेतकऱ्यांच्या कारखान्याच्या अध्यक्षपदी बसला. संशोधन आणि धंदा यांचे वैर आहे असे सांगणाऱ्यांनी निदान महाराष्ट्रात तरी ते सांगू नये.

पुढची गोष्ट अधिक बोचरी आहे. अभिजित बॅनर्जी, दिलीप मुखर्जी, कैवान मुन्शी आणि देबराज रे या चार अर्थशास्त्रज्ञांनी २००१ साली महाराष्ट्रातल्या सहकारी साखर कारखान्यांवर एक निबंध प्रसिद्ध केला. जवळजवळ शंभर कारखाने आणि १९७१ ते १९९३ हा काळ त्यांनी तपासला. त्यांचा प्रश्न साधा होता: सभासदांच्याच मालकीचा कारखाना सभासदांना उसाचा दर कमी का देईल? रूढ उत्तर म्हणजे चेअरमन वाईट. त्यांचे उत्तर वेगळे आहे. कारखान्यात मोठे बागायतदार असतात आणि दोन-चार एकरवाले असतात. संचालक मंडळावर वजन मोठ्यांचे. पण लहान सभासदाच्या खिशातून सरळ पैसा काढून घेण्याची सोय त्यांना नसते, आणि ऊसदर सगळ्यांना एकच द्यावा लागतो. मग दर थोडा खाली ठेवला तर मोठ्याचे स्वतःच्या उसावर नुकसान होते खरे, पण सगळ्यांच्या उसावर राखलेली रक्कम कारखान्यात शिल्लक राहते, आणि ती कुठे वळवायची ते मोठेच ठरवतात. परिसरात लहान शेतकरी जवळजवळ नसतीलच, तर हा खेळ खेळण्यात अर्थ नाही. आपल्याच खिशातून काढून आपल्याच खिशात घालायचे. लहानांचा ऊस वाढत जातो तसा मोह वाढतो. आणि लहानांचीच संख्या प्रचंड झाली की मतांच्या जोरावर दर पुन्हा वर सरकतो. थोडक्यात, जमिनीची वाटणी जिथे सर्वांत मिसळ, तिथे दर दबलेला आणि गाळप क्षमताही कमी. सिद्धान्ताचा हा अंदाज कारखान्यांच्या आकडेवारीत खरा ठरला.

आता चेअरमनच्या खुर्चीत बसून हे दिसले असते का? नाही. त्याच्या परिसरातली जमिनीची वाटणी त्याच्या कारकिर्दीत फारशी हलत नाही. त्याला दिसतो यंदाचा उतारा, साखरेचा भाव, बँकेचे कर्ज, विरोधी पॅनेल. सभासदाला दिसते हाती पडलेले बिल आणि त्यातल्या कपाती. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक असू शकतात, आणि तरीही दर का दबतो याचे कारण दोघांच्याही नजरेबाहेर राहते.

यावर दोन आक्षेप हमखास येतात. पहिला असा की परदेशी विद्यापीठांत बसलेल्यांना आमचा सहकार काय कळणार, त्यांना तो मोडीतच काढायचा आहे. पण निबंध नीट वाचला तर तो सहकाराचा मृत्युलेख नाही. सभासद एकसारख्या ऐपतीचे असतील तिथे सहकार चांगला चालतो, हे त्याच युक्तिवादाचे दुसरे अंग आहे. सहकार चांगला की वाईट या आपल्या सभांमधल्या निष्फळ वादापेक्षा तो कोणत्या परिस्थितीत चालतो हे सांगणारे उत्तर किती तरी उपयोगाचे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आकड्यांत माणसे हरवतात. भावकी, पॅनेल, काट्यावरचा वशिला, ऊसतोडीच्या टोळीसाठीची ओढाताण हे समीकरणात मावत नाही. कबूल. म्हणूनच बी. एस. बाविस्करांनी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या सहकारी कारखान्याच्या राजकारणाचा समाजशास्त्रीय अभ्यास केला, डोनाल्ड अॅटवूड यांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या ऊसपट्ट्यात राहून पुस्तक लिहिले. हेही विद्यापीठीय संशोधनच आहे. आकडे अपुरे पडतात याचा अर्थ संशोधन अधिक हवे असा होतो; ते सोडून चेअरमनच्या आठवणींवर विसंबावे असा होत नाही.

ग्राहकाच्या बाबतीतही हेच. उत्तर केरळच्या किनाऱ्यावर रॉबर्ट जेन्सन यांनी तारलीच्या बाजाराचा अभ्यास केला, तो २००७ साली प्रसिद्ध झाला. १९९७ ते २००१ या काळात तिथे टप्प्याटप्प्याने मोबाइल आला. त्याआधी मच्छीमार आपल्याच गावच्या किनाऱ्यावर मासळी उतरवी. एका किनाऱ्यावर गिऱ्हाईक नाही म्हणून मासळी फेकली जाई, आणि काही मैलांवर गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परते. पाच ते आठ टक्के मासळी अशी वाया जात होती. फोन आल्यावर ही नासाडी जवळजवळ थांबली, मच्छीमारांचा नफा सुमारे आठ टक्क्यांनी वाढला आणि ग्राहकाला मासळी सुमारे चार टक्के स्वस्त मिळाली. विकणाऱ्याचा फायदा म्हणजे घेणाऱ्याचा तोटा, हा बाजारपेठेतला पिढीजात अनुभव इथे साफ खोटा ठरला. पुढे इतर संशोधकांनी दाखवले की हा परिणाम त्या किनाऱ्याच्या आणि तिथल्या मासेमारीच्या विशिष्ट घडणीतून आला होता, तो जिथे-तिथे तसाच उमटेल असे धरता येणार नाही. संशोधनाचा दावा असा दुसऱ्याला तपासता येतो आणि त्याची मर्यादा आखता येते. अनुभवी माणसाचा दावा तपासायला गेले की तो रागावतो.

मग आपल्या वाणिज्य महाविद्यालयांतून निघणाऱ्या त्या शेकडो प्रबंधांचे काय, असे कुणी विचारील. एका तालुक्यातली शंभर माणसे, पाच पर्यायांची प्रश्नावली, 'समाधानी' किंवा 'अतिशय समाधानी' यांची टक्केवारी, आणि शेवटी सरकारने लक्ष द्यावे अशी शिफारस. हा माल निकृष्ट आहे यात शंका नाही, आणि त्याचे कारणही गुप्त नाही. २०१० पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने पदोन्नतीसाठी लेखांना गुण लावले. गुण मोजायचे म्हटल्यावर लेख मोजण्यापुरतेच लिहिले गेले. पण या ढिगाऱ्यात नसते काय, ते पाहा: तुलना नसते, काळ नसतो, चूक ठरू शकेल असे विधान नसते. ज्याने संशोधन केलेच नाही त्याच्या नावावर संशोधनाची बदनामी खपवणे हे खोट्या नाण्यावरून टांकसाळीला दोष देण्यासारखे आहे.

संशोधन झाले तरी बदलते काय, हा शेवटचा आक्षेप. विदर्भ आणि मराठवाडा मागे का, यावर नागपूर करारापासून तीस वर्षे भांडण चालले होते, पण भांडणाला माप नव्हते. १९८३ साली वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. १९८४ च्या अहवालात तिने रस्ते, सिंचन, वीज अशा क्षेत्रांत राज्याच्या सरासरीच्या मानाने प्रत्येक जिल्हा किती मागे आहे ते मोजले आणि एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये काढला. त्या मापावर टीका झाली, ती रास्तही होती. रस्त्याचे किलोमीटर वाढले म्हणून घरातले उत्पन्न वाढते असे नाही. २०१३ च्या केळकर समितीने म्हणूनच प्रश्न वेगळ्या रीतीने मांडला. पण दांडेकरांनंतर कुणालाही 'आमच्यावर अन्याय झाला' किंवा 'तुमची माणसेच आळशी' एवढे बोलून सुटता आले नाही. आकड्याला आकड्याने उत्तर द्यावे लागले. अनुशेष भरून निघाला नाही, हे खरे आहे. त्याचा जाब मात्र ज्यांच्या हाती तिजोरी होती त्यांना विचारायचा.

आज प्रत्येक कारखान्याचा वार्षिक अहवाल छापला जातो, बाजार समितीत आवक आणि भाव रोज नोंदवले जातात, आणि त्यांपासून फार दूर नसलेल्या महाविद्यालयात वाणिज्य विभाग असतो. त्या विभागांनी शंभर माणसांची प्रश्नावली बंद करावी, आपल्या जिल्ह्यातल्या सगळ्या कारखान्यांचे वीस वर्षांचे ऊसदर आणि सगळ्या बाजार समित्यांचे भाव एकत्र करावेत, आणि निष्कर्ष सभासदाला वाचता येईल अशा मराठीत छापावेत. सभासदांनीही पुढच्या सर्वसाधारण सभेत चेअरमनला शेजारच्या कारखान्याचा दर विचारून थांबू नये, गेल्या वीस वर्षांचा तक्ता मागावा.