खांड कोण बुजवणार?

दरवर्षी पावसाळा जवळ आला की मुंबई महापालिका मोठ्या भरतीच्या दिवसांची यादी जाहीर करते. साडेचार मीटरच्या वर पाणी चढणार असेल त्या दिवसांची तारीख, वेळ, उंची, सगळं वर्तमानपत्रांत छापून येतं. नेमका त्याच वेळी जोराचा पाऊस कोसळला तर काय होतं, हे मुंबईने 26 जुलै 2005च्या पुरात पाहिलं आहे. धरमतरच्या खाडीच्या दोन्ही अंगांना, अलिबाग आणि पेण तालुक्यांच्या खारेपाटात मात्र या यादीची गरज कधी भासली नाही. तिथल्या जुन्या माणसाला तिथी कळली की पुरे. तिथीला तिनाने गुणायचं, चाराने भागायचं, की भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकराच्या आसपास. हा हिशेब आजही फारसा चुकत नाही, कारण तो चंद्राचा आहे. पाणी येण्याची वेळ तीच आहे. ते किती चढेल, हे मात्र आता तिथीवरून कळत नाही.

1901 ते 2018 या काळात जगातल्या समुद्राची सरासरी पातळी सुमारे 20 सेंटिमीटरने वाढली. विसाव्या शतकाच्या पहिल्या सत्तर वर्षांत वाढीचा वेग वर्षाला 1.3 मिलिमीटर होता; 2006 ते 2018 मध्ये तो 3.7 मिलिमीटरवर गेला. हे आकडे हवामान बदलाचा अभ्यास करणाऱ्या आंतरसरकारी मंडळाच्या 2021च्या अहवालातले आहेत. आपण हवेत सोडलेल्या वायूंमुळे पृथ्वीवर जी जादा उष्णता अडकली, तिच्यातली नव्वद टक्क्यांहून अधिक समुद्राने पोटात घेतली. तापलेलं पाणी फुगतं. त्यात हिमनद्या आणि ध्रुवांकडचे बर्फाचे थर वितळून भर घालतात. वर्षाला चार मिलिमीटर ऐकून कुणी घाबरणार नाही. शतकाच्या अखेरीला समुद्र एक मीटरभर चढू शकतो असं ऐकलं की माणसं दचकतात, आणि 2100 साल अजून लांब आहे म्हणून विसरतात. या दोन्ही प्रतिक्रियांमध्ये खारेपाट निसटतो. तिथे समुद्र वरून कोसळणारी लाट होऊन येत नाही, बांधाच्या भोकातून येतो.

खारेपाट ही माणसाने खाडीकडून मागून घेतलेली जमीन आहे. उधाणाची भरती आली की खाडीचं पाणी शेताच्या पातळीपेक्षा वर असतं. मध्ये उभा असतो तो फक्त मातीचा बांध. खाडीकडच्या बाजूच्या या मुख्य बांधाला बाहेरकाठा म्हणतात. चिखलाच्या ढेपा एकावर एक रचून तो उभा केलेला, लाटा लागतात तिथे दगडांनी मढवलेला. बांधात ठरावीक अंतरावर उघाड्या. उघाडीची रचना इतकी साधी आणि इतकी हुशार आहे की तिच्याबद्दल मला कायम आदर वाटत आला आहे. भरती चढली की खाडीच्या पाण्याच्या दाबाने तिची झडप बंद होते. ओहोटी लागली की आत साचलेलं पावसाचं पाणी तीच झडप ढकलून बाहेर पडतं. वीज नाही, पंप नाही. पहिल्या पावसांनी जमिनीतलं मीठ धुऊन न्यायचं आणि उघाडीने ते खाडीला परत करायचं, यावर खारेपाटातलं एकुलतं एक भाताचं पीक शतकानुशतकं उभं राहिलं.

समुद्राची पातळी वाढते तेव्हा या रचनेवर दोन्हीकडून घाला येतो. भरती पूर्वीपेक्षा उंचावरून सुरू होते, म्हणून बांधाचा माथा आणि उधाणाचं पाणी यांतलं अंतर कमी होतं. हे सहज लक्षात येतं. पण ओहोटीचं पाणीही पूर्वीइतकं खाली उतरत नाही, त्यामुळे उघाडी उघडी राहण्याचा वेळ घटतो, आणि आतलं पावसाचं पाणी बाहेर पडायला कमी तास मिळतात. बांध एकदाही न फुटता शेत कुजू शकतं, ही गोष्ट आपल्या आपत्तीच्या चर्चेत मी कधी ऐकलेली नाही.

आणि भरतीच्या कोष्टकात छापलेली उंची ही फक्त चंद्र-सूर्याच्या ओढीची असते. नैर्ऋत्येचा वारा पाणी किनाऱ्याकडे रेटतो, ते त्यात नसतं. हवेचा दाब एक मिलिबारने उतरला की समुद्र साधारण एक सेंटिमीटर वर येतो, तेही नसतं. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते कोकणाला घासून गुजरातेत गेलं. अरबी समुद्र तापतो आहे आणि अशी वादळं वाढली आहेत. प्रत्येक वादळाला आता आधीच वर आलेला समुद्र आयता मिळतो.

बांध फुटतो तो बहुतेक वेळा अगदी क्षुल्लक कारणाने. चिंबोरीचं बीळ, त्यातून पाझर, पाझरातून माती सुटते, आणि एका उधाणात तिथे खांड पडते. पहिल्या दिवशी ती हातभर असते. खाडीचं पाणी दिवसातून दोनदा आत येतं, दोनदा बाहेर जातं आणि प्रत्येक फेरीत तिचे दोन्ही काठ कातरून नेतं. ती बुजवायची तर भांगाचे दिवस गाठावे लागतात, जेव्हा भरती दबलेली असते. हातात आठवडाभर असतो. मग पुढचं उधाण. उशीर झाला की खांड काही पुरुष रुंद आणि खोल होते आणि मातीच्या ढेपांनी भागत नाही. आत आलेलं मीठ एका पावसात जात नाही. खांड बुजल्यानंतरही शेत पूर्ववत व्हायला दोन-तीन पावसाळे लागतात. भाताबरोबर गोड्या पाण्याची तळी जातात. खारेपाटात घरटी राखलेला जिताडा हा मासा म्हणजे लग्नकार्याचा, पाहुण्याचा, अडीअडचणीचा आधार. तोही जातो.

पूर्वी खांड कोण बुजवायचं? गाव. ज्यांची शेतं एका बांधामागे, ते सगळे मिळून बांध राखत, आणि या सामुदायिक कामाला जोळ म्हणत. हाक आली की घरटी माणूस गेलाच पाहिजे. त्या व्यवस्थेचं मी उदात्तीकरण करणार नाही. जमीन खोत-सावकारांची होती, घाम कुळांचा होता. त्या अन्यायाविरुद्धच अलिबागजवळच्या चरी गावातून 27 ऑक्टोबर 1933 रोजी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो 1939 पर्यंत चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या शेतकऱ्यांच्या पाठीशी उभे राहिले. जमिनीवरच्या हक्कासाठी सहा वर्षं नांगर न धरणारी ही माणसं. पुढे कूळ कायदा आला, 1 एप्रिल 1957 पासून कसणारा मालक झाला. ते व्हायलाच हवं होतं. बांधाची जबाबदारी मात्र कुणाच्याही नावावर नीट चढली नाही. खोत गेला, जोळ हळूहळू सुटली, तरुण कारखान्यांत आणि मुंबईत गेले. आधी 1948च्या आणि मग 1979च्या खारजमीन कायद्याने बाहेरकाठा सरकारकडे आला.

सरकारने बांध घ्यावा यात चूक नाही. वाढत्या समुद्रापुढे एका गावाची ताकद पुरणारही नाही. प्रश्न वेळेचा आहे. उधाण दर पंधरवड्याला येतं. अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, निविदा, कार्यादेश हे पंधरवड्यात होत नाही. कागद फिरत असतो तेवढ्यात भांगाचे कितीतरी दिवस निघून जातात. राष्ट्रीय चक्रीवादळ धोके निवारण प्रकल्पात अलिबागमधल्या काचळी-पिटकिरी आणि पेणमधल्या नारवेल-बेनवले योजनांचे बांध घेतले गेले, ही चांगली गोष्ट आहे. पण नवा बांध बांधायला पैसे मिळतात आणि चिंबोरीचं बीळ बुजवायला मिळत नाहीत, तोवर नवा बांधही जुन्याच वाटेने जाईल.

यानंतर येतं ते सर्वांत कडू. खांड पडून खारं पाणी रोज आतबाहेर करू लागलं की काही वर्षांत शेतात खारफुटी उगवते. मी खारफुटीच्या कट्टर बाजूचा आहे. बाहेरकाठ्याच्या खाडीकडच्या अंगाला तिची दाट रांग असली की लाटेचा जोर बांधापर्यंत पोचेतो मोडतो. तिच्याइतका स्वस्त आणि टिकाऊ धक्का कुठलाही अभियंता बांधू शकत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये आणि पुन्हा 2018 मध्ये तिला जे संरक्षण दिलं, ते नसतं तर या किनाऱ्यावर भराव घालणाऱ्यांनी काही शिल्लक ठेवलं नसतं. पण तेच संरक्षण जमीन कुणाच्या मालकीची हे पाहत नाही. त्यामुळे बांध वेळेवर न बुजल्याने ज्याचं शेत गेलं, त्याच शेतकऱ्याला पुढे आपल्याच सातबाऱ्यावरच्या जमिनीत पाऊल टाकणं अवघड होतं. खारफुटी तोडू द्या, असं मी म्हणत नाही. ती पळवाट उद्या कोण वापरेल हे उघड आहे. मी म्हणतो, अशी जमीन मोजा, खांड कधी पडली आणि किती वर्षं उघडी राहिली ते नोंदवा, आणि त्या शेतकऱ्याला जमिनीची किंमत द्या. जंगल समाजाला मिळालं असेल तर त्याचं मोल एका कुटुंबाने चुकवायचं कारण नाही.

भरपाईचीही तीच कथा. केंद्राच्या आपत्तींच्या यादीत चक्रीवादळ आहे, त्सुनामी आहे, टोळधाड आहे. समुद्राचं उधाण नाही. महाराष्ट्राने ते आपल्या राज्याच्या यादीत घातलं, याचं श्रेय द्यायला हवं. पण पंचनामा होतो तो एका हंगामाच्या पिकाचा. मीठ दोन-तीन हंगाम राहतं. पंधराव्या वित्त आयोगाने किनारा आणि नदीकाठ खचून विस्थापित होणाऱ्यांच्या पुनर्वसनासाठी वेगळ्या निधीची शिफारस केली, तेव्हा दिल्लीला निदान हे कळू लागलं आहे की काही आपत्ती एका दिवसात येत नाहीत आणि एका दिवसात जातही नाहीत. ओडिशातल्या सातभाया गावातली शेकडो कुटुंबं समुद्रामुळे बागपाटियाला हलवावी लागली. खारेपाट अजून त्या टोकाला आलेला नाही. इथे वाचवण्यासारखं पुष्कळ आहे. काळा राता, भुरा राता ही खाऱ्या जमिनीत तग धरणारी जुनी भातं आहेत, पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राची 'पनवेल' नावाची सुधारित वाणं आहेत, आणि बांधाची भाषा जाणणारी माणसं अजून हयात आहेत.

म्हणून रायगडच्या लोकप्रतिनिधींना आणि खारभूमी खात्याला माझं सांगणं मोजकं आहे. प्रत्येक योजनेच्या बाहेरकाठ्याची आजची उंची मोजा आणि ती उधाणाच्या आजच्या पातळीशी ताडून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. पडलेल्या प्रत्येक खांडीची तारीख त्याच फलकावर लिहा. ती पुढच्या भांगात बुजवण्यासाठी लागणारा पैसा गावाच्या हाती आधीच ठेवा, आणि जोळीला जाणाऱ्या माणसाला रोजगार हमीतून मजुरी द्या. हे पुढच्या पावसाळ्याआधी करता येण्यासारखं आहे.