ऑथेल्लोचा संशय

आमच्या कंपूत, ग्वाल्हेरच्या या जुन्या मराठी वस्तीत, शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'वर बोलणे निघाले की कुणीतरी म्हणतोच, 'तो पडला काळा. असल्यांचे प्रेम रानटी नि संशयी.' (म्हणणारे स्वतः फारसे गोरे नसतात, ते असो.) मला हे मुळीच पटत नाही. बायकोविषयी पुराव्यावाचून संशय इयागोही घेतो. पण त्याचा संशय कुणी गोऱ्या कातडीला चिकटवीत नाही. त्याचा तो स्वभाव, ऑथेल्लोचा मात्र वंश! देवलांनी १८९० साली नायकाला 'झुंझारराव' केले, तेव्हा त्या मराठी नावालाही संशय शोभलाच की.

काळ्या पुरुषाचे प्रेम रानटी, तर सावळ्या मुलीचे ऋणकोचे. २०१९ साली सुरू झालेल्या 'रंग माझा वेगळा' मालिकेतली दीपा आठवा. तिच्यासाठी गोऱ्या अभिनेत्रीचा चेहरा रंगवून काळा केला, आणि वाट्याला आली सोशिकता. डॉक्टर कार्तिकने तिच्यावर प्रेम केले म्हणून घरोघरी त्याच्या मोठ्या मनाचे कौतुक झाले. तिनेही त्याला पसंत केले होते, हे कुणाच्या बोलण्यात आलेले मी तरी ऐकले नाही.