महिन्याला पाच टक्के

जुलै आला की आमच्या ऑफिसात बसायला जागा उरत नाही. राजापेठेत, चौकापासून जरा आत, एका कर-सल्लागाराकडे मी सहा वर्षांपासून नोकरी करते. लोकांचे इन्कम टॅक्स रिटर्न भरणं हे माझं काम. आधी आमच्याकडे येणारे म्हणजे दुकानदार, शिक्षक, पेन्शनर. गेल्या काही वर्षांत त्यात एका नव्या गिऱ्हाइकाची भर पडली आहे. वय बावीस ते सव्वीस, पाठीवर सॅक, हातात मोबाईल. बाकीचे लोक जाईपर्यंत तो दाराशी रेंगाळतो आणि मग हळूच विचारतो, "ताई, ते एफ अँड ओचं रिटर्न भरता का तुमी?"

फ्युचर्स-ऑप्शनमधला नफा-तोटा धंद्याच्या उत्पन्नात दाखवावा लागतो आणि त्यासाठी आयटीआर-३ हा फॉर्म लागतो. म्हणजे ज्या पोराला अजून नोकरी नाही, धंदा नाही, त्याच्या नावावर सरकारी कागदात पहिल्यांदा धंदा लागतो आणि पहिल्याच वर्षी त्यात तोटा असतो. तो आकडा त्याच्या घरी कुणाला माहीत नसतो. मला माहीत असतो.

मागच्या जुलैत असाच एक जण सगळे गेल्यावर आत आला. तो माझा धाकटा भाऊ होता. तोटा ८७,४०० रुपये. त्यातले २१ हजारांच्या आसपास नुसते ब्रोकरेज, कर आणि इतर चार्जेसचे. पैसे कुठून आणले, तर थोडे शिकवणीचे साठवलेले, थोडे मित्राकडून आणि बाकीचे मोबाईलवरच्या कर्जाच्या अॅपवरून. त्याच्या परवानगीनं लिहितेय. नाव टाकू नको, एवढंच म्हणाला.

त्याच्या दोन महिने आधी हाच मुलगा बाबांकडे दोन लाख मागत होता. बाबांनी तीस वर्षं एका जिनिंगमध्ये मुनीमकी केली, त्यातून उरलेली ती ठेव. तेव्हा तो मला म्हणाला होता, "ताई, महिन्याले पाच टक्के म्हंजे काईच नाई. क्लासवाले सर तं आठ सांगतेत."

माझं भांडण या वाक्याशी आहे. शेअर बाजाराशी माझं भांडण नाही, माझे स्वतःचे पैसे त्यात आहेत. पण महिन्याला पाच टक्के हा आकडा आपल्या गावात इतका साधा होऊन बसला आहे की तो ऐकून कुणी हसत नाही. म्हणून आधी हिशेब करू.

महिन्याला पाच टक्के, नफा तसाच गुंतवत राहिलात, तर वर्षाला जवळपास ८० टक्के होतात. एका लाखाचे दहा वर्षांत साडेतीन कोटी होतात आणि वीस वर्षांत बाराशे कोटींच्या वर. वॉरेन बफेट या माणसाला जग मानतं, त्याच्या कंपनीच्या शेअरनं जवळपास साठ वर्षांत सरासरी वर्षाला २० टक्क्यांच्या आसपास परतावा दिला. तेवढ्यावर तो जगातल्या सर्वांत श्रीमंत लोकांत जाऊन बसला. मग ज्याला महिन्याला आठ टक्के जमतात, तो माणूस पंधरा हजार फी घेऊन भाड्याच्या हॉलमध्ये चाळीस पोरांना कशाला शिकवत बसेल?

आता खरं किती मिळतं ते पाहू. शेअर म्हणजे धंद्यातला हिस्सा. समजा राजकमलजवळ गिलावड्याच्या गाडीत तुमची पाव भागी आहे. गाडी जास्त चालली तर तुमचे पैसे वाढणार, नाही चालली तर नाही वाढणार. दर पाच मिनिटांनी कुणी येऊन "तुमची भागी कितीला देता?" असं विचारलं म्हणून वडे जास्त खपत नाहीत. मोठ्या कंपन्यांचंही तसंच. देशाचा व्यवहार महागाई धरून वर्षाला दहा-अकरा टक्के वाढत असेल, तर सगळ्या कंपन्यांचा मिळून नफा लांब पल्ल्यात त्याच्या फार पुढे कसा जाईल? एखादी कंपनी जाईल, एखादं वर्ष जाईल. सगळा बाजार दरवर्षी जाणार नाही.

सेन्सेक्सचेच आकडे घ्या. ८ जानेवारी २००८ ला तो २०,८७३ वर बंद झाला. त्यानंतर जगभर मंदी आली आणि ९ मार्च २००९ ला तो ८,१६० वर होता. चौदा महिन्यांत लाखाचे ३९ हजार. पुढे २६ सप्टेंबर २०२४ ला तो ८५,८३६ वर, म्हणजे तेव्हाच्या उच्चांकावर बंद झाला. आता दोन माणसं समजा. एकानं २००८ मध्ये अगदी शिखरावर पैसे टाकले. त्याला सप्टेंबर २०२४ पर्यंत वर्षाला जेमतेम ९ टक्के पडले. दुसऱ्यानं २००९ मध्ये अगदी तळाला टाकले, जे ठरवून कुणालाच जमत नाही. त्याला पडले वर्षाला १६ टक्के. दोघांनाही लाभांशाचा एखादा टक्का वर. म्हणजे सगळ्यात कमनशिबी आणि सगळ्यात नशीबवान यांच्यात फरक ९ आणि १६ चा. आणि मी हिशेब संपवला तो दिवसही उच्चांकाचा आहे, म्हणजे बाजाराला झुकतं मापच दिलं आहे.

ही झाली बऱ्यापैकी चांगली वर्षं. हर्षद मेहताच्या तेजीत, एप्रिल १९९२ मध्ये सेन्सेक्स ४,४६७ ला पोचला होता. अकरा वर्षांनी, एप्रिल २००३ मध्ये, तो तीन हजारांच्या आसपास होता. अकरा वर्षं थांबूनही मुद्दलात खोट. त्यामुळे मला कुणी विचारलं तर मी सांगते, दहा-पंधरा वर्षांचा पल्ला असेल तर वर्षाला दहा, फार तर बारा टक्के धरा. त्यात मध्येच कधीतरी पैसे निम्मे झालेले दिसतील, हेही धरा. आणि पुढच्या तीन वर्षांत लागणारा पैसा तिथे ठेवू नका.

पण माझ्या टेबलावर येणाऱ्या पोरांनी शेअर घेतलेलेच नसतात. त्यांनी घेतलेले असतात ऑप्शन. अमुक दिवसापर्यंत निफ्टी अमुक आकड्याच्या वर जाईल की खाली राहील, यावर लावलेला पैसा. आपल्या जुन्या बाजारात यालाच तेजी-मंदी म्हणत आणि मालावरच्या तेजी-मंदीला १९५२ च्या वायदे कायद्यानं बंदी घातली होती. यात वडे कुणीच तळत नाही. तुम्हाला मिळतात ते दुसऱ्यानं घालवलेले पैसे असतात आणि दोघांच्या मधून दर सौद्याला ब्रोकर, एक्स्चेंज आणि सरकार आपापला वाटा काढून घेतात. म्हणजे सगळ्या खेळाडूंचा मिळून हिशेब शून्याच्याही खालीच राहणार.

समोरचा दुसरा कोण असतो? सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांचा अभ्यास जाहीर केला. एक कोटीहून जास्त व्यक्तिगत ट्रेडरपैकी ९३ टक्के तोट्यात. चार्जेस धरून तोटा सरासरी दोन लाखांच्या आसपास, सगळ्यांचा मिळून १.८ लाख कोटींच्या वर. खर्च वजा जाता लाखाहून जास्त नफा झाला फक्त एक टक्का लोकांना. २०२३-२४ मध्ये मोठ्या ट्रेडिंग कंपन्यांनी आपल्या खात्यावर ३३ हजार कोटी आणि परदेशी संस्थांनी २८ हजार कोटी ढोबळ नफा कमावला आणि त्यांचा बहुतेक नफा संगणकानं आपोआप केलेल्या सौद्यांतून आला. भावाच्या समोर तो संगणक होता. भावाकडे वीस हजारांचा फोन आणि दीड जीबी डेटा.

त्याच अभ्यासातली आणखी तीन वाक्यं मी ऑफिसात भिंतीवर लावली आहेत. २०२३-२४ मध्ये या ट्रेडरांपैकी ४३ टक्के तिशीच्या आतले होते. तीन चतुर्थांशांहून जास्त जणांनी आपलं वर्षाचं उत्पन्न पाच लाखांच्या आत दाखवलं होतं. ७२ टक्के पहिल्या तीस शहरांच्या बाहेरचे होते, म्हणजे आपल्यासारख्या गावांतले. २०२४-२५ चे आकडे आले तेव्हाही तोट्यातले ९१ टक्के होते आणि एका वर्षाचा तोटा एक लाख कोटींच्या वर होता.

बाबांना यातलं काहीच सांगावं लागत नाही. ते म्हणतात, "थो सट्टा हाये. भावाच्या नादात वावर इकनारे म्या पाह्यले." वऱ्हाडाला हे नवं नाही. अमेरिकेत १८६१ ला यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला आणि इंग्लंडच्या गिरण्या आपल्या कापसावर तुटून पडल्या. लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडच्या कापसाला नावच 'उमरावती' होतं. त्या कापसाचा पैसा मुंबईत साठला आणि रोज नवी कंपनी निघू लागली. समुद्र बुजवून जमीन करणाऱ्या बॅक बे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या आसपास गेला. १८६५ मध्ये युद्ध संपलं, कापूस कोसळला आणि १ जुलैला वायद्यांचे पैसे चुकते करायची वेळ आली तेव्हा कुणाकडेच ते नव्हते. बँक ऑफ बॉम्बेही त्यात पुढे बुडाली. दीडशे वर्षांत वायदा आपल्या खिशात येऊन बसला आहे, एवढाच काय तो फरक.

तरीही बाबांचं पूर्ण बरोबर आहे असं मी म्हणत नाही. सट्टा आणि भागी यांना एकाच नावानं हाक मारली की पोरं दोन्हीकडे एकाच वेगानं जातात. ज्या घरात शेअर हा शब्द शिवीसारखा वापरतात, त्याच घरात ओळखीच्या माणसाच्या भिशीत आणि पैसे दुप्पट करणाऱ्या स्कीममध्ये लाखलाख गेलेले मी पाहिले आहेत. महिन्याला पाच टक्के या वाक्यावर विश्वास ठेवायला आपल्याला वडीलधाऱ्यांनीच शिकवलं. पोरांनी फक्त त्याचं अॅप केलं.

आणि शिकवणारे? डिसेंबर २०२५ मध्ये सेबीनं अवधूत साठे आणि त्यांच्या ट्रेडिंग अकॅडमीविरुद्ध अंतरिम आदेश काढून सुमारे ५४६ कोटी रुपये रोखायला सांगितले. तो शेवटचा निकाल नाही, त्यांची बाजू त्यांनी मांडायची आहे. पण रक्कम पाहा. मराठी माणसानं बाजार 'शिकण्यासाठी' किती पैसे मोजले असतील, याचा अंदाज तेवढ्यावरून येतो. त्याआधी २०२३ मध्ये 'बाप ऑफ चार्ट' चालवणाऱ्या मोहम्मद नसीरुद्दीन अन्सारी यांच्यावरच्या आदेशात सेबीनं नोंदवलं होतं की जानेवारी २०२१ ते जुलै २०२३ या काळात त्यांना स्वतःच्या ट्रेडिंगमध्ये दोन कोटी ८९ लाखांचा तोटा होता. लोकांना तेव्हा नफ्याचे स्क्रीनशॉट दिसत होते.

हे सगळं मी भावाला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मंग मी करू काय? पोलीस भरती दोनदा हुकली. एमआयडीसीत बारा हजार देतेत."

या प्रश्नाला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. पोरं लोभानं ऑप्शनकडे जातात असं म्हणणारे कधी त्यांच्याशी बोललेले नसतात. माझ्यासमोर बसणाऱ्या दहांतल्या आठांना गाडी-बंगला नको असतो. त्यांना महिन्याला पंधरा हजार हवे असतात, घरी सांगता येईल असं काहीतरी. पण हिशेब इथेच मारतो. वर्षाला दहा टक्क्यांनी महिना पंधरा हजार काढायचे तर अठरा लाख लागतात. पन्नास हजारांतून तेवढे काढायचे तर महिन्याला तीस टक्के हवेत. जो मुलगा बाजाराकडे पगार मागतो, त्याला तीस टक्क्यांमागे धावण्यावाचून गत्यंतर नसतं. बाजार पगार देत नाही. नोकऱ्या नाहीत याचा राग ज्यांच्यावर काढायचा त्यांच्यावर काढा. आपल्याच बँक खात्यावर काढू नका.

बाजार काय देतो तेही सांगते, कारण खोटी आशा दाखवायची नसेल तर खरा आकडा सांगायला हवा. महिन्याला दोन हजार, साध्या इंडेक्स फंडात, पंधरा वर्षं. तुम्ही भरणार तीन लाख ६० हजार. दहा टक्क्यांनी झाले तर सव्वाआठ लाखांच्या वर, बारानं झाले तर दहा लाख. पाच टक्के महागाई धरली तर त्या दहा लाखांची आजची किंमत पाच लाखांच्या आतच. म्हणजे यानं कुणी श्रीमंत होत नाही. आईचं ऑपरेशन सावकाराशिवाय होतं, घराचा स्लॅब पडतो. आणि तेही आधी अॅपचं कर्ज फेडून, चार-सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवल्यावर.

भावानं पोळ्याच्या दिवशी बाबांना स्वतःच सांगितलं. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारलं, "क्लासची फी किती होती?"

"पंधरा हजार."

"मंग कमाई तं झाली. त्याची झाली."

कर्ज आता फिटत आलं आहे. भाऊ एका कुरिअरवाल्याकडे लागला आहे आणि भरतीसाठी पहाटे धावायलाही जातो. रिटर्न मी वेळेत भरलं, त्यामुळे तोटा आठ वर्षं पुढे नेता येतो. त्या काळात कधी धंद्यात नफा झाला तर त्यातून वजा होईल.

तुम्ही कुठल्या क्लासला पैसे भरायला निघाला असाल तर रिटर्न भरणाऱ्या बाईचा एक सल्ला ऐका. सरांचा स्क्रीनशॉट पाहू नका, त्यांची गाडीही पाहू नका. मागच्या तीन वर्षांचा आयटीआर-३ आणि ब्रोकरचं टॅक्स स्टेटमेंट मागा. त्यात ट्रेडिंगचं उत्पन्न किती आणि फीचं किती, एवढंच वाचा. कागद वाचता येत नसतील तर घेऊन आमच्या ऑफिसात या. मी फुकट वाचून देईन. सहा वर्षांत असा कागद घेऊन अजून कुणी आलेलं नाही.