परमुलखातील रंग

सातारा-सांगलीच्या माणसाला परमुलूख नवा नाही. खानापूर, आटपाडी, खटाव, माण या अवर्षणग्रस्त तालुक्यांतील गलाई व्यावसायिक सोने-चांदी शुद्ध करण्याचा धंदा घेऊन कित्येक वर्षांपासून देशभरच्या सराफी पेठांत वसले आहेत. आता त्याच गावांतील मुले-मुली शिक्षणाच्या आणि नोकरीच्या निमित्ताने थेट अमेरिका, इंग्लंड, जर्मनी गाठत आहेत. त्यांनी किती कमावले, याचा हिशेब गावात मोठ्या आवडीने केला जातो. तेथे त्यांच्या डोळ्यांना काय दिसते, याची चौकशी मात्र क्वचितच कोणी करतो. वास्तविक परक्या देशात माणूस रमतो की नुसताच राहतो, हे ठरण्यात या प्रश्नाचा वाटा मोठा आहे.

परदेशी गेलेल्याला जेवणाची उणीव पहिल्या दिवसापासून कळते; तिचा उच्चारही तो करतो. रंगांची उणीव मात्र त्याला नावाने सांगता येत नाही. हळदीच्या सौद्यांच्या दिवसांत पिवळी पडलेली सांगलीची बाजारपेठ, पालच्या खंडोबाच्या यात्रेत उधळला जाणारा भंडारा, माणदेशातील करड्या माळावर उठून दिसणारी मेंढपाळाची तांबडी पागोटी, हे सारे पाहत तो वाढलेला असतो. पण जे रोज दिसते त्याकडे पाहण्याची सवय आपल्याकडे फारशी लावली जात नाही. मग लंडनमधील डिसेंबरात, दिवस जेमतेम आठ तासांचा आणि आभाळ राखी असताना, आपल्याला नेमके काय हरवल्यासारखे वाटते, हे त्याला उमजत नाही.

यावर उपाय आठवणी उगाळत बसण्याचा नाही. समोर जे आहे ते पाहण्याचा आहे. त्याच राखी लंडनमध्ये रस्त्याच्या कडेला तांबड्या टपालपेट्या उभ्या असतात. पूर्वी बहुतांशी हिरव्या असलेल्या या पेट्यांना 1874 पासून तांबडा रंग देण्यात येऊ लागला, तो त्या लांबून चटकन दिसाव्यात म्हणूनच. अमेरिकेच्या ईशान्य भागात शरद ऋतूत झाडे पेटल्यासारखी दिसतात. पानातील हरितद्रव्य ओसरू लागले की मुळातच तेथे असलेला पिवळा रंग उघडा पडतो. मॅपलसारख्या काही झाडांत तांबडे द्रव्य त्या सुमारास नव्याने तयार होते. हळदीला चुन्यासारख्या क्षाराची जोड मिळताच पिवळ्याचे तांबडे होते आणि कुंकू परंपरेने असेच बनत आले, हे ज्याने घरी पाहिले आहे, त्याला पानांतील हा पालट परका वाटण्याचे कारण नाही.

अर्थात, यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, घरभाडे, पाळ्यांची नोकरी आणि परवान्याची टांगती तलवार ज्याच्या डोक्यावर आहे, त्याला रंगांचे कौतुक सुचावे कसे? परंतु बसथांब्यापर्यंतच्या वाटेवरील दार, कुंपणावरील वेल किंवा भाजीवाल्याच्या दुकानातील मांडणी पाहण्यास पैसा लागत नाही आणि वेळही लागत नाही. उलट, ज्याचे दिवस एकसुरी झाले आहेत, त्यालाच या विरंगुळ्याची अधिक गरज असते.

दुसरा आक्षेप अधिक भावनिक आहे. परक्या भूमीचे सौंदर्य मनात भरले की मायभूमीचा विसर पडतो, अशी भीती पुष्कळांना वाटते. या भीतीला साताऱ्यातच उत्तर आहे. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. 1938 मध्ये औंधच्या डोंगरावर त्यांनी संग्रहालय उभारले. तेथे राजा रविवर्म्याच्या चित्रांबरोबर हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे माता आणि मूल हे शिल्पही आहे. परक्यांच्या कलेची पारख असल्यामुळे पंतांच्या स्वदेशप्रीतीस कोठे उणेपणा आल्याचे दिसत नाही. डोळा एकदा पाहावयास शिकला, की तो घरचेही अधिक बारकाईने पाहतो.

खरा दोष परदेशस्थांचा नाही, तो घरापासून सुरू होतो. कासचे पठार 2012 मध्ये जागतिक वारसा यादीत आले, तेव्हापासून पावसाळा सरता सरता तेथे माणसांची रीघ लागते. परंतु त्याच दिवसांत आपल्याच परिसरातील डोंगरउतारांवर फुललेल्या सोनकीपाशी, तिच्यावर कोणाचा शिक्का नसल्यामुळे, कोणी थबकत नाही. प्रमाणपत्र मिळाल्यावाचून न पाहण्याची ही खोड घेऊनच आपली मुले विमानात बसतात. शाळेतील चित्रकलेचा तास गणिताला देऊन टाकणाऱ्यांनी आणि तो दिला गेल्याबद्दल समाधान मानणाऱ्या पालकांनी याचा विचार करावयास हवा.

तोवर एवढे सहज करता येईल. सातासमुद्रापलीकडून रविवारी फोन येतो, तेव्हा पगार आणि प्रकृती यांच्या जोडीने, तुझ्या खिडकीसमोरच्या झाडाचा रंग सध्या कसा आहे, हेही आईवडिलांनी विचारावे. उत्तर देण्यासाठी का होईना, त्या मुलाला ते झाड पाहावे लागेल.